कपिंजलाची ढोली

नानांनी प्रताप नगरातलं घर सोडलं ते 2012 च्या मार्चमध्ये. सोडलं म्हणजे विकलं नाही आणि भाड्यानंही दिलं नाही, राखायला दिलं. हा तिसरा प्रकार आपल्या लोकांत फार. विकायला जीव होत नाही, भाडेकरू नको वाटतो, कुलूप घातलं तर वाळवी आणि चोर. मग ओळखीतला, गरजू, पापभीरू माणूस बघायचा आणि "तुमचंच समजून राहा" म्हणत त्याच्या हातात किल्ली ठेवायची. कागद करायचा नाही, कारण कागद केला तर त्याला वाईट वाटेल.

घर राजस्थान आवासन मंडळाचं. हे मंडळ 1970 मध्ये निघालं आणि जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या अंगाला त्यानं जी मोठी वसाहत उभी केली तिला महाराणा प्रतापांचं नाव दिलं. आतल्या रस्त्यांची नावंही त्याच थाटाची, हल्दीघाटी मार्ग, कुंभा मार्ग. ज्यांनी वीतभर जमीन सोडायची नाही म्हणून उभा जन्म घालवला त्यांच्या रस्त्यांवर पाट्या मात्र प्रॉपर्टी डीलरांच्या. नाना केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातले, तीस वर्षं जयपुरात काढलेले. हप्ते भरून घेतलेलं दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, वर मोकळी गच्ची. मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत टँपाला. निवृत्तीनंतर माईंचे गुडघे बोलायला लागले तसे दोघं मुलाकडे आले.

घर राखायला मिळाले मास्टरजी. टोंककडच्या खेड्यातले, गणिताच्या शिकवण्या करणारे, पलीकडच्या गल्लीत एका खोलीत बायकोमुलांसह चौघं राहणारे. भाडं नाही, वीज-पाणी त्यांचं, घर झाडून-पुसून ठेवायचं आणि नाना-माई आले की मागची खोली मोकळी करून द्यायची. मास्टरजींनी ते इमानानं केलं हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची गोष्ट ऐकताना ते विसरायला होतं. माईंची मोगऱ्याची कुंडी जयपूरच्या मे महिन्यात जगवणं हे काही सोपं काम नव्हे.

2014 मध्ये विजेची जोडणी मास्टरजींच्या नावावर करायची वेळ आली. खिडकीवरच्या बाबूनं मालकाचं पत्र मागितलं. नानांनी पुण्याहून साध्या फुलस्केपवर हिंदीत लिहून पाठवलं : अमुक गृहस्थ माझ्या घरात माझ्या परवानगीनं, देखभालीसाठी राहतात, जोडणी त्यांच्या नावे करण्यास माझी हरकत नाही. सही, तारीख, खाली सेक्टर आणि घर क्रमांक. आणि हिशेब खात्यातल्या माणसाची खोड म्हणून मध्ये कार्बन घालून एक प्रत स्वतःच्या फायलीत. घरातले सगळे हसले होते. कार्बन पेपर मिळतो तरी कुठं आता, असं सून म्हणाली होती.

पुढं येणं-जाणं कमी झालं. आधी वर्षातून एकदा, मग दोन वर्षांतून, मग करोना. 2021 मध्ये माई गेल्या. त्यानंतर नानांना ते घर नकोसं झालं. 2022 मध्ये त्यांनी फोन केला, "मास्टरजी, घर विकायचं म्हणतोय. सहा महिन्यांत दुसरीकडे बघा."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्टरजी म्हणाले, "बाबूजी, मुलांच्या परीक्षा होऊ द्या."

परीक्षा झाल्या. मग मुलीचं कॉलेज आलं, मग बायकोचं ऑपरेशन. दरम्यान गच्चीवर मास्टरजींनी लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड घातली होती आणि तिच्यात संध्याकाळी दोन बॅचा बसत. नानांना ते शेजाऱ्याकडून कळलं. विचारलं तेव्हा मास्टरजी पहिल्यांदाच चढ्या सुरात बोलले : "इतकी वर्षं राखलंय आम्ही. आमचाही काही हक्क असेल ना?"

हा हक्क त्यांना पानाच्या टपरीवर भेटला होता. कुणीतरी सांगितलं, बारा वर्षं झाली की घर राहणाऱ्याचं. त्याच सुमारास, 2023 च्या सप्टेंबरात, नानांच्या पुतण्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं ढकललेला मजकूर नानांना मिळाला, लाल अक्षरांत : बारा वर्षं झाली की घर राहणाऱ्याचं. एकच अर्धवट वाक्य. टपरीवर त्याची आशा झाली आणि पुण्यात धास्ती. मार्च 2012 अधिक बारा, मार्च 2024. नानांनी बोटं मोजली, हातात सहा महिने. त्याच आठवड्यात ते जयपूरला गेले.

तिथल्या वकीलीणबाई गणपतीच्या मंडळातल्या ओळखीच्या. तिसरी पिढी जयपुरात. मराठी बोलतात ती अधूनमधून हिंदीकडे कलंडणारी, पण कायद्यात पक्क्या. त्यांनी नानांना आधी पाणी दिलं, मग सांगितलं.

"नाना, बारा वर्षं खरी. 1963 चा मुदत कायदा, अनुच्छेद 65. सरकारी जमीन असली तर तीस वर्षं. पण घड्याळ सुरू कधी होतं ते तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना माहीत नाही. माणूस घरात आला त्या दिवशी ते सुरू होत नाही. 'हे माझं आहे, तुमचं नाही' असं तो उघड उघड, तुम्हाला दिसेल असं वागायला लागला, त्या दिवसापासून मोजायचं. चोरून नाही, जबरीनं नाही, आणि तुमच्या परवानगीनं तर नाहीच नाही. परवानगीनं राहणारा पन्नास वर्षं राहिला तरी राखणदारच."

"पण कागद कुठाय परवानगीचा?"

"काहीतरी असेल. आठवा."

नानांनी फाइल काढली. फिकट निळ्या अक्षरांची कार्बन प्रत बाईंनी दोनदा वाचली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली. "हे जपा. गोव्यातली एक केस आहे, बहीण-भावाची. घर बहिणीचं, त्यात राहिला भाऊ, आणि बहिणीविरुद्ध ताब्याचा दावा लावला तोही भावानंच. मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्वच्छ सांगितलंय, राखणदार, नोकर, काळजीवाहू कितीही वर्षं राहो, त्याला घरात हक्क मिळत नाही. तुम्ही इथून गेलात त्याच सालचा निकाल."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी उद्या जाऊन माझं कुलूप लावू शकतो."

"नाही."

"घर माझं ना?"

"घर तुमचं. ताबा त्याचा. परवानगी मागे घेतल्याची नोटीस द्यायची, दावा लावायचा, कोर्ट काढेल. तुम्ही काढायचं नाही. 1924 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, 2003 मध्ये रामे गौडाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, स्थिर ताबा असलेल्याला खऱ्या मालकानंसुद्धा जोरानं हुसकायचं नाही. हुसकलंत तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6 आहे. तो सहा महिन्यांच्या आत दावा लावेल, आणि कोर्ट तुमची मालकी बघणारसुद्धा नाही. म्हणेल, आधी त्याला आत घ्या, मग काय ते भांडा."

"म्हणजे कायदा घुसखोराच्या बाजूचा."

हे वाक्य नाना एकटे म्हणत नाहीत. खुद्द सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये हेमाजी वाघाजी जाट यांच्या प्रकरणात बारा वर्षांच्या नियमाला तर्कदुष्ट ठरवून तो पुन्हा तपासायला सांगितलं होतं. विधी आयोगानं 2023 मध्ये, आपल्या 280 व्या अहवालात, तपासून सांगितलं की आहे तसा राहू द्या. आणि ही कटकट इंग्रजांनी आणली असंही नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत आहे : मालक बघत असताना, त्यानं तोंड न उघडता, दुसऱ्यानं वीस वर्षं जमीन उपभोगली तर ती गेली. विज्ञानेश्वरानं मिताक्षरेत त्याची धार बोथट केली. जमीन जात नाही, मधल्या काळातलं उत्पन्न जातं, असा अर्थ लावला. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी घर राखायला देऊन परगावी जात होतंच.

बाई नानांना म्हणाल्या, "तुम्हाला पंचतंत्रातली कपिंजलाची गोष्ट आठवते?"

नानांना आठवत होती. कपिंजल नावाचा पक्षी झाडाच्या ढोलीत राहायचा. पिकलेल्या साळीच्या शेतांकडे मित्रांबरोबर गेला तो बरेच दिवस आलाच नाही. ढोली रिकामी बघून शीघ्रग नावाचा ससा आत शिरला. कपिंजल धष्टपुष्ट होऊन परतला तर दारात ससा. "माझं घर आहे." "होतं." सशानं धर्मशास्त्र काढलं, दहा वर्षं ज्यानं भोगलं त्याचा भोग हाच पुरावा, साक्षीदार नको नि कागद नको, आणि तेही माणसांना, पशुपक्ष्यांचं तर जोवर आत तोवर घर. वाद वाढला. निवाडा करायला कुणीतरी धर्मज्ञ हवा म्हणून दोघं निघाले. नदीकाठी एक मांजर हातात दर्भ धरून, सूर्याकडे तोंड करून तप करत बसलं होतं.

"पुढचं ठाऊक आहे," नाना म्हणाले. "म्हातारपणी ऐकू येत नाही, जवळ येऊन सांगा म्हणतं, आणि दोघांनाही खातं."

"ते ठाऊक आहे ना? मग झालं. नोटीस मी उद्या काढते."

"दाव्याला किती वर्षं लागतील?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. नाना शहात्तरचे होते. जिना उतरताना त्यांनी ती वर्षं आपल्या वयात मिळवून पाहिली.

*

प्रॉपर्टी डीलर भाईसाहबांचं ऑफिस कुंभा मार्गावर. काचेचं दार, आत सालासर बालाजींची तसबीर, तिला ताजा हार, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टेबलावर काचेखाली सेक्टरचा नकाशा. गळ्यात रुद्राक्ष. सकाळी कबुतरांना ज्वारी टाकल्याशिवाय चहा घ्यायचा नाही असा नेम. ऑफिससमोरच्या पदपथावर दहा वाजेपर्यंत ही कबुतरं असत आणि भाईसाहब त्यांच्यात उभे राहिले तरी उडत नसत. नानांची हकिगत त्यांना आधीच ठाऊक होती. अशा माणसांना ती कशी ठाऊक असते हे विचारण्यात अर्थ नाही.

"अंकलजी, कोर्टात गेलात तर नातू निकाल ऐकेल. माझ्याकडे द्या. मारहाण नाही, आवाज नाही. आपण धर्माची माणसं."

सौदा असा. बाजारभावाच्या दोन तृतीयांश किमतीला घर भाईसाहब घेणार. विसार दोन लाख. बाकी रक्कम ताबा मिळाल्यावर. आणि घर रिकामं करण्यासाठी लागेल ते सर्व करण्याचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र. नानांनी सही केली. वकीलीणबाईंना कळवलं नाही. त्या काय म्हणतील ते माहीत होतं. नोटीस तशीच त्यांच्या टेबलावर राहिली.

त्याच आठवड्यात भाईसाहबांनी मास्टरजींनाही चहाला बोलावलं होतं. तीच खुर्ची, तोच नकाशा. "मास्टरजी, मार्चमध्ये बारा वर्षं भरतात. पण नुसतं राहून होत नाही, फाइल लागते. ती मी बनवतो. तुम्ही धर्माचे, शिक्षक माणूस, तुमच्याकडून जास्त घेणार नाही." मास्टरजींनी वीस हजार दिले आणि दोन कोऱ्या मुद्रांक कागदांवर सह्या केल्या. गणिताच्या माणसानं कोऱ्या कागदावर सही करावी! पण आपल्याला हवं ते उत्तर समोरचा देत असला की पायऱ्या कोण तपासतो.

त्या वर्षी दिवाळी 12 नोव्हेंबरला होती. मास्टरजी सालाबादप्रमाणे कुटुंबाला घेऊन गावी गेले. भाऊबीज करून परत आले तर फाटकाला दुसरं कुलूप, अंगणात दोन बाजा, एक बुलेट आणि हुक्का ओढणारे चार तरुण. सामान? सामान आत आहे, त्याला कुणी हात लावणार नाही, भाईसाहबांना विचारा. भाईसाहबांनी कागद दाखवला : स्वखुशीनं, मोबदला घेऊन, घराचा ताबा सोडला. खाली मास्टरजींची सही.

पुण्याला नानांना फोन गेला. अभिनंदन झालं. मग : ताबा घ्यायला बराच खर्च आला, तो किमतीतून वळता होईल. बाकीची रक्कम रजिस्ट्रीच्या वेळी. रजिस्ट्री मंडळाकडची जुनी कागदपत्रं निघाल्यावर. ती कधी निघतील? "देखते हैं, अंकलजी."

नाना ट्रेनमध्ये बसले. फाटकावर त्या चौघांनी त्यांना विचारलं, तुम्ही कोण?

पोलीस चौकीत नानांनी तक्रार सांगितली. हवालदारानं कुलमुखत्यारपत्र वाचलं. "हे तुम्हीच दिलंय ना? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." बाहेरच्या बाकावर मास्टरजी बसले होते. त्यांना आदल्या दिवशी हेच सांगितलं होतं, फक्त दुसरा कागद वाचून.

दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण वकीलीणबाईंच्या जिन्यावर पुन्हा समोरासमोर आले, कारण मास्टरजींनाही कुणीतरी तोच पत्ता दिला होता.

*

बाईंनी नानांना एक शब्दही सुनावला नाही, हे त्यांना जास्त लागलं. त्यांनी फायली पुढं ओढल्या.

"कुलमुखत्यारपत्र आजच रद्द करायचं. विसार पावती आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोरावर घर विकत घेतलं असं होत नाही, 2011 चा सूरज लॅम्पचा निकाल आहे. मालकी तुमचीच आहे. पण मालकीवर दावा लावलात तर भाईसाहब विसार पावती काढून बसतील, तुमची सही काढून बसतील, आणि मग वर्षं मोजत बसा. घर लवकर मोकळं व्हायचा रस्ता एकच. कलम 6."

"पण ते तर..."

"हो. ते मालकासाठी नाही. ज्याला घराबाहेर काढलं त्याच्यासाठी आहे. त्या कलमात कोर्ट कागद कुणाकडे आहेत ते विचारत नाही. कोण राहत होतं आणि कुणी, कसं काढलं एवढंच विचारतं. भाईसाहबांकडे काय आहे? नुसते कागद. दावा मास्टरजींनी लावायला हवा. सहा महिन्यांच्या आत. मी दोघांची वकील होऊ शकत नाही, त्यांना दुसरा देते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांचे साक्षीदार."

नानांनी सप्टेंबरात ज्या कलमाला शिव्या दिल्या होत्या त्या कलमाखाली, ज्या माणसाला ते घुसखोर म्हणत होते त्या माणसाच्या नावानं, 2024 च्या एप्रिलमध्ये जयपूरच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. मास्टरजींकडे पैसे नव्हते. कोर्ट फी नानांनी भरली.

मधल्या काळात टँपाहून मुलीचा फोन आला. तिकडे फ्लोरिडात 1 जुलैपासून नवा कायदा लागू झाला होता : घुसखोर असला तर मालकानं शपथेवर अर्ज द्यायचा, शेरीफ येऊन त्याला लगेच बाहेर काढतो. इंग्लंडमध्ये तर 2012 च्या सप्टेंबरपासून दुसऱ्याच्या राहत्या घरात असं घुसून बसणं हा थेट फौजदारी गुन्हा आहे. "बाबा, आपल्याकडे का नाही असं?"

वर्षभरापूर्वी नानांनी हाच प्रश्न विचारला असता. आता ते म्हणाले, "तो अर्ज मालकानंच द्यायचा, की त्याच्या वतीनं दुसऱ्यानं दिला तरी चालतो?"

तिनं वाचून सांगितलं. मालक किंवा त्यानं अधिकार दिलेला प्रतिनिधी. आणि हो, खोटं सांगून कुणाला काढलं तर त्याला तिप्पट भाडं भरपाई म्हणून मिळू शकतं.

"अगं, मग इथं तो कायदा असता तर शेरीफच्या दारात सगळ्यात आधी भाईसाहब उभे असते. माझं कुलमुखत्यारपत्र घेऊन."

कोर्टानं स्थळपाहणीसाठी कमिशनर नेमला. त्याच्या अहवालात सामानाची यादी आली ती दीड पानांची. मास्टरजींच्या नावचा, अर्धा भरलेला गॅस सिलिंडर. शिलाई मशीन, त्यात दोरा ओवलेला. मुलीची दहावीची मूळ गुणपत्रिका, कपाटाच्या आतल्या खणात. गच्चीवरच्या फळ्यावर वर्गसमीकरण, अर्धं सोडवलेलं. स्वयंपाकघरात केर-सांगरीच्या लोणच्याची बरणी, वरपर्यंत भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. मोबदला घेऊन स्वखुशीनं घर सोडणारा राजस्थानी माणूस नवी लोणच्याची बरणी मागं ठेवून जातो, हे न्यायाधीशांना पटवायला फार युक्तिवाद लागला नसावा. फडकं मास्टरजींच्या बायकोच्या जुन्या लुगडीचं होतं, हेही कमिशनरनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

साक्षीच्या दिवशी भाईसाहबांच्या वकिलानं नानांना उलट विचारलं.

"या माणसानं तुमचं घर बळकावलं होतं, बरोबर?"

"तो सोडत नव्हता."

"आणि त्याला बाहेर काढायला तुम्हीच माझ्या अशिलाला नेमलंत?"

नानांनी न्यायाधीशांकडे बघितलं. "हो. मी नेमलं. कागदावर सही माझी आहे. हा घरात राहत होता, आणि याला कोर्टाकडून न काढता यांनी काढला. यांनी तर काढलाच, काढायला मीच सांगितलं होतं."

वकिलाला वाटलं आपण जिंकलो. खरं तर त्या उत्तरानं मास्टरजींच्या दाव्याला हवं होतं ते सगळं एका दमात मिळालं होतं : ताबा कुणाचा होता, तो कुणी घेतला आणि कसा. मालकाच्या सांगण्यावरून केलं ही त्या कलमात पळवाट नाही. मालकालाही जे करता येत नाही ते मालकाच्या मुखत्याराला कुठून येणार?

मग मास्टरजी. त्यांना वकिलानं एकच टोकदार प्रश्न विचारला. "घर कुणाचं आहे?"

'माझं' म्हणाले असते तर गेली दोन वर्षं टपरीवर ऐकलेलं, मनात घोळवलेलं सगळं खरं केल्यासारखं झालं असतं. ताब्याच्या त्या दाव्यात त्यानं काही बिघडलंही नसतं, तिथं मालकीचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या तरुण वकिलानं तसं सुचवूनही ठेवलं होतं. मास्टरजींनी घाम पुसला. समोर बाकावर नाना बसले होते, मांडीवर फाइल.

"घर बाबूजींचं आहे," ते म्हणाले. "त्यांनी राखायला ठेवलं होतं."

टंकलेखकानं ते वाक्य टिपून घेतलं. बारा वर्षांचा प्रश्न तिथं मिटला. मार्च 2024 केव्हाच उलटून गेला होता.

निकाल 2025 च्या पावसाळ्यात लागला. दिवाणी कोर्टाच्या मानानं हे विजेच्या वेगानं म्हणायचं. मास्टरजींना ताबा परत. या कलमाखालच्या निकालावर अपील नाही; उच्च न्यायालयात पुनरीक्षणाचा अर्ज तेवढा करता येतो, तो भाईसाहबांनी केला, पण स्टे मिळाला नाही. विसार पावतीवरचा त्यांचा दावा मात्र उभा आहे. नानांनी दोन लाख कोर्टात जमा केले आहेत आणि त्या दाव्यात अजून तारखाच पडत आहेत. भाईसाहब प्रत्येक तारखेला येतात, नानांना वाकून नमस्कार करतात, तब्येतीची चौकशी करतात. कबुतरं आहेत तशीच आहेत.

बेलीफनं कुलूप काढून किल्ली मास्टरजींच्या हातात दिली तेव्हा नाना फाटकाबाहेर होते. कायद्यानं त्यांना आत यायला मास्टरजींनी बोलवावं लागत होतं. मास्टरजींनी बोलावलं. वकीलीणबाईही आल्या होत्या, पिशवीत मुद्रांक कागद घेऊन. या खेपेला कुणाला विचारत बसल्या नाहीत.

"आता कागद," त्या म्हणाल्या. "परवानगी किती दिवसांची, भाडं किती, घर कधी सोडायचं. अकरा महिने."

"मार्चपर्यंत दहावीची बॅच आहे," मास्टरजी म्हणाले.

"मार्च अखेर," नाना म्हणाले. "त्यानंतर एक दिवस नाही."

"ठीक. पण गच्चीवरची शेड मी माझ्या पैशांनी घातली. पत्रे, खांब, मजुरी. त्याचे पैसे बाबूजींनी द्यावेत."

"मला न विचारता घातलेल्या शेडचे पैसे? आणि अकरा वर्षं भाडं नाही घेतलं ते?"

"मोगरा कुणी जगवला?"

"मोगऱ्याचं काय मध्येच!"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, 'पत्र्याची शेड' असं कलम चार म्हणून लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवून दोघांचं भांडण संपायची वाट बघत बसल्या.